रात्री नऊपर्यंत उत्तर हवंय

हा भाग कळसला, आमच्या घराच्या गच्चीवर बसून रेकॉर्ड करतोय. मागे मोटारीचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

आधी माझी एक जुनी चूक सांगतो. बीटेकच्या शेवटच्या वर्षी एका कंपनीचा फोन आला. नोकरी पक्की, पण दोन वर्षांचा बॉन्ड, आणि उत्तर रात्री बारापर्यंत. मी घाबरलो. घरी विचारलं नाही, बॉन्डचा कागद नीट वाचला नाही. डोळे मिटले आणि म्हटलं, प्रभू, तुझी इच्छा असेल तर खूण दे. तेवढ्यात गेलेली लाइट आली. झालं, मिळाली खूण! आपल्याकडे लाइट दिवसातून किती वेळा जाते-येते, हे मला माहीत नव्हतं का? पण घाईत माणूस वायरमनलाही देवदूत समजतो.

आठ महिन्यांत ती नोकरी सोडली. बॉन्डचे पैसे पप्पांनी उसाच्या बिलातून भरले. एक शब्द बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

ऐनवेळी डोळे मिटून उडी मारायची, यालाच मी विश्वास समजत होतो. ते मत बदललं केडगावमुळे. भिगवणवरून सोलापूर रोडनं पुण्याकडे जाताना चौफुला लागतो, तिथून जवळच. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथं आहे. रस्ता रोजचा, पण गोष्ट नीट वाचली ती अलीकडे.

१८९६-९७ चा दुष्काळ. रमाबाईंनी स्वतः आई, वडील आणि बहीण आधीच्या दुष्काळात गमावलेली. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना पुण्याला शारदा सदनात आणू लागल्या. आकडा सुमारे ३०० च्या घरात गेला. आणि नेमका तेव्हाच पुण्यात प्लेग. सरकारी निर्बंध आले, एवढ्या नव्या मुली शहरात ठेवता येईनात. आता यांना न्यायचं कुठं? विचार करायला महिने नव्हते.

त्यांनी मुलींना केडगावला नेलं. तिथं त्यांची सुमारे १०० एकर जमीन होती, आधीच घेतलेली. का घेतली होती? १८८७ साली अमेरिकेत, बोस्टनला, त्यांच्या कामासाठी एक मंडळ स्थापन झालं होतं. त्यानं मदतीचा शब्द दिला, पण दहाच वर्षांचा. दहा वर्षं संपल्यावर काय, हा हिशोब बाईंनी आधी केला. फळझाडं लावू, उत्पन्नावर संस्था चालवू, असा विचार. प्लेग येणार हे त्यांना कुठून कळणार! पण तो आला तेव्हा पाय ठेवायला स्वतःची जमीन होती.

हे सगळं छान-छान झालं असं समजू नका. तिथं एवढ्या मुलींसाठी पक्क्या इमारती नव्हत्या. आणि धर्मांतराच्या वादामुळं पुण्यातले पुष्कळ लोक १८९३ पासूनच त्यांच्यावर नाराज होते. मदतीला कोण धावणार?

रमाबाई प्रार्थना करणाऱ्या होत्या, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. पण त्या जमीनही बघून ठेवायच्या. मत्तयच्या शुभवर्तमानातल्या दहा कुमारींची गोष्ट आठवा. वर आला मध्यरात्री, म्हणजे सगळ्यांना वेळ सारखाच कमी. फरक एवढाच की पाच जणींनी तेल आधी भरून घेतलं होतं. लहानपणी संडेस्कूलमध्ये मला वाटायचं, देत का नाहीत त्या थोडं तेल? आता वाटतं, काही गोष्टी ऐनवेळी उसन्या मिळतच नाहीत. बॉन्ड वाचायची सवय, पप्पांशी मोकळं बोलणं, हे त्यातलंच.

तर आजचं. बंगळूरच्या एका कंपनीला रात्री नऊपर्यंत उत्तर हवंय. पगार दीडपट. बॉन्ड आहे. खरं सांगतो, हो म्हणायला जीभ शिवशिवतेय. पण नाताळात मी, पप्पा आणि आमचे पाळक बसलो होतो, तेव्हा वहीत दोन ओळी लिहिल्यात. बॉन्डवर सही नाही. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होईपर्यंत पुणे सोडायचं नाही. तेव्हा कुणाचा फोन येणार नव्हता, डोकं थंड होतं.

पप्पांना मघाशी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आईचं मी बघतो रे, तू तुझं बघ." आता हे वहीत नव्हतं. म्हणून मी दोन दिवस मागणार आहे. नाही दिले, तर नाही म्हणणार.

आठ वाजून चाळीस मिनिटं झालीत. थांबतो इथंच. आणि हो, लाइट आत्ताच आली. हसू नका.