पगाराच्या पुढची गोष्ट



कथेवर बोलायला आपण एका कामगार संघटकाला उभे केलेत, याचे पुष्कळांना नवल वाटेल. माझे शिक्षण शाळेपेक्षा युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटाने अधिक केले. स्त्रियांनी लिहिलेल्या मराठी कथा मी वाचल्या, त्या एका साध्या प्रश्नासाठी : बाई कमावते, त्या कमाईचे पुढे काय होते?

आमचे भांडण कारखान्याच्या फाटकापाशी असते. हजेरीपट, पगार, बोनस, रजा. १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला. सारख्या कामाला बाईलाही पुरुषाइतकेच वेतन, हे तत्त्व मान्य झाले. पण पगार घेऊन बाई घरी गेली, की पुढचा हिशेब कोणत्या वहीत लिहायचा? तो या कथांनी लिहिला आहे.

१९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा संग्रह निघाला. नाव टोपण होते. लेखिका होत्या बाळूताई खरे, म्हणजेच पुढच्या मालतीबाई बेडेकर. पुस्तक येताच काहूर उठले. ही बाई कोण, याचा शोध सुरू झाला. एवढे रागावण्यासारखे त्यात काय होते? मुलगी शिकते, नोकरी करते, तिच्या पगारावर घर चालते आणि तिचे स्वतःचे आयुष्य मात्र लांबणीवर पडते, हे त्यात उघड मांडले होते. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ हे त्यातल्या एका कथेचे नाव. मला विचाराल तर हे नाव म्हणजेच एक मागणीपत्र आहे! मजुराने मालकाला विचारावे, तसे मुलीने घराला विचारले आहे.

ही झाली पांढरपेशा घरची गोष्ट. ऊर्मिला पवारांनी दुसरी बाजू दाखवली. त्यांच्या आईने आयदाने, म्हणजे बांबूची सुपे-टोपल्या विणून संसार चालवला. त्यांच्या ‘कवच’ कथेतली आई आंबे विकायला जाते. गिऱ्हाइके आंब्यांच्या आडून तिच्यावर वेडेवाकडे बोलतात. बरोबरचा मुलगा शरमेने मरतो. आई मात्र सडेतोड उत्तर देते. उन्हाळ्यात आपल्या घाटात करवंदे-जांभळांची पाटी घेऊन बसणारी बाई आठवा. तिला हजेरीपट नाही, युनियन नाही. तिची जीभ हेच तिचे कवच.

कोणी म्हणेल, कथा वाचून पगार वाढत नाही. खरे आहे. पण दुःखाला नाव मिळाल्याशिवाय मागणी तयार होत नाही, हे मी संघटनेच्या कामात शिकलो. म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या बचतगटाच्या किंवा युनियनच्या सभेत महिन्याला अशी एक कथा मोठ्याने वाचा. मग पुरुषांनी गप्प बसावे आणि बायांना बोलू द्यावे. पुढच्या मागणीपत्रातले कलम तिथेच सापडेल.