आषाढातला अग्नी



आषाढ लागला की आमच्या मुळशीत पावसाला उसंत नसते. ताम्हिणीकडून उतरलेले ढग माले, पौड ओलांडून पार पिरंगुटपर्यंत कोसळत राहतात. खाचरं भरतात, भाताची लावणी सुरू होते. आणि याच दिवसांत आम्हा वैद्यांना एक तक्रार वारंवार ऐकू येते. भूक लागत नाही, दोन घास खाल्ले तरी पोटाला तडस लागते, सकाळी जिभेवर पांढरा थर असतो आणि अंग उचलत नाही. आयुर्वेदात याला अग्निमांद्य म्हणतात. आज या अग्नीविषयी बोलायचं आहे.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला पंधरावा अध्याय ग्रहणीच्या विकारांचा आहे. पण चरकाचार्य रोगाकडे वळण्याआधी बराच वेळ अग्नीवरच थांबतात. माणसाचं आयुष्य, कांती, बळ, उत्साह, सगळं अग्नीच्या आधारानं आहे, असं ते सांगतात. मग पचन कसं होतं हे समजावण्यासाठी दाखला देतात तो भाताचा. भांड्यात पाणी आणि तांदूळ असावेत, खाली विस्तव असावा आणि त्याचा भात व्हावा, तसा पोटातला अग्नी अन्नाचा पाक करतो. भातावर जगणाऱ्या आपल्या तालुक्यात हा दाखला कुणाला फोड करून सांगावा लागणार नाही. भांडं काठोकाठ भरलं तर भात नीट शिजत नाही. जाळ मंद असला तर तांदूळ वरून फुगतो, पण आत कणी राहते. जाळ फार झाला तर तळ लागतो. आणि अर्धवट शिजलेल्या भातात कुणी मूठभर कच्चे तांदूळ टाकले, तर आधीचे गाळ होतात आणि नंतरचे कच्चे राहतात.

ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. आधीचं जेवण पचायच्या आत पुन्हा खाणं, याला शास्त्रात अध्यशन असं नाव आहे. माझ्या मते आजच्या निम्म्या पोटदुखीचं मूळ इथे आहे. सकाळचा नाश्ता पोटात असतानाच अकरा वाजता चहा-बिस्किटं, लगेच जेवण, चारला वडापाव, आणि रात्री उशिरा पुन्हा पूर्ण ताट. यातला एकेक पदार्थ वाईट नाही. पण आधीचं पचलं आहे की नाही हे विचारायला आपण थांबतच नाही. पचल्याच्या खुणा ग्रंथांत स्पष्ट दिल्या आहेत: ढेकर स्वच्छ येतो, त्याला आधीच्या अन्नाचा वास किंवा आंबटपणा नसतो, मल-मूत्र सुखानं होतं, अंग हलकं वाटतं, कामाची उमेद असते आणि खरी भूक, खरी तहान लागते. जे अर्धवट पचून राहतं, त्याला आम म्हणतात. जिभेवरचा थर आणि अंगाचा जडपणा ही त्याचीच चिन्हं मानली आहेत.

हा अग्नी म्हणजे पोटात खरोखर ज्वाला पेटलेली असते काय? हा प्रश्न प्राचीनांनाही पडला होता. पित्त आणि अग्नी वेगळे की एकच, याचा विचार सुश्रुतसंहितेत आहे, आणि पित्तावाचून वेगळा अग्नी शरीरात आढळत नाही, असा निर्वाळाही तिथे दिला आहे. अग्नी एकूण तेरा सांगितले आहेत. जठरातला एक, पंचमहाभूतांचे पाच आणि सात धातूंचे सात. जठराग्नी मुख्य, बाकीचे त्याच्या बळावर चालतात. म्हणजे अन्न पोटात विरघळलं की काम संपलं, असं आयुर्वेद मानत नाही. त्या अन्नाचं रक्त, मांस, अस्थी होईपर्यंत पाक चालूच असतो. आजचं विज्ञान ज्याला चयापचय म्हणतं, त्याच्या जवळ जाणारी ही कल्पना आहे. मात्र धात्वग्नी म्हणजे अमुक ग्रंथी, पाचक पित्त म्हणजे तमुक आम्ल, अशा जोड्या लावण्याची घाई करू नये. दोन्ही शास्त्रांची मोजमापं वेगळी आहेत.

तरी एक गोष्ट सांगतो. १८२२ साली अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या माणसाला पोटात गोळी लागली. तो वाचला, पण जठराला पडलेलं भोक बुजलं नाही. त्याच्यावर उपचार करणाऱ्या विल्यम बोमाँट या डॉक्टरांनी अन्नाचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून त्या भोकातून आत सोडले आणि काय किती वेळात विरघळतं ते पाहिलं. १८३३ मध्ये त्यांनी ही निरीक्षणं पुस्तकरूपानं छापली. त्यांच्या तक्त्यात मऊ शिजलेल्या भाताला सुमारे एक तास लागला आहे, तर भाजलेल्या डुकराच्या मांसाला सव्वापाच तास. तो माणूस रागावला की पचन बिघडतं, हेही त्यांनी टिपून ठेवलं. अन्नाचं जड-हलकेपण आणि जेवताना मन शांत असणं, या आपल्या वैद्यांच्या नेहमीच्या दोन गोष्टी तिथेही पुढे आल्या.

आता आपल्या तालुक्याकडे येऊ. त्याआधी एवढं लक्षात ठेवा, की अग्नीचे चार प्रकार आहेत: सम, विषम, तीक्ष्ण आणि मंद. वेळेवर, योग्य मात्रेत घेतलेलं सुखानं पचवतो तो सम. कधी पचवतो, कधी पोट फुगवतो तो विषम. तीक्ष्ण अग्नी खाल्लेलं झरझर जाळतो आणि जळजळ मागे ठेवतो. मंदाला थोडंही झेपत नाही. मुळशीच्या पश्चिम टोकाला दिवसभर चिखलात वाकून लावणी करणारी माणसं आहेत. पूर्वेच्या टोकाला, याच तालुक्यात, हिंजवडीचं आयटी पार्क आहे आणि तिथे रात्रपाळीत दिव्यांखाली बसून काम करणारी मुलं-मुली आहेत. ग्रंथ पावसाळ्यात फार श्रम करू नका म्हणतात, आणि शेतकऱ्याचे खरे श्रम तर पावसाळ्यातच. पण अंगमेहनतीनं अग्नी वाढतो, हेही चरकांनीच सांगितलं आहे. जन्मभराची सवय असलेल्या शरीराला भाकरी, ठेचा, सुकट सारं पचतं. त्याला अडचण येते ती भिजलेल्या अंगानं, थकून, उशिरा आणि भराभर जेवण्याची. लावणीहून आल्यावर आधी अंग कोरडं करावं, थोडं टेकावं, मग ताटावर बसावं.

हिंजवडीतल्या मुलांची गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. रात्री दोनला जेवण, पहाटे कॉफी, दिवसा झोप, आणि सुटीच्या दिवशी सगळं उलट. अवेळी आणि अनियमित खाण्याला विषमाशन म्हटलं आहे आणि त्यानं अग्नी विषम होतो. आता हेही सिद्ध झालं आहे की तेच जेवण रात्री घेतलं तर रक्तातली साखर दिवसापेक्षा जास्त चढते. शरीरातल्या या घड्याळाचा उलगडा करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. ज्यांची पाळी बदलता येत नाही, त्यांनी निदान मुख्य जेवण पाळीवर जाण्याआधी, संध्याकाळी घ्यावं. रात्री मुगाचं कढण, थोडा मऊ भात किंवा ताक एवढ्यावर भागवावं. आणि रोज तासभर तरी चालावं, कारण बसून राहणाऱ्याचा अग्नी औषधानं फार दिवस पेटता राहत नाही.

पावसाळ्यात अग्नी मंद का होतो? ग्रंथांचं म्हणणं असं, की उन्हाळ्यात शरीराचं बळ आधीच घटलेलं असतं, आणि त्यावर पावसाची ओल, जमिनीची वाफ आणि गढूळ पाणी येतं. म्हणून उकळून गार केलेलं पाणी प्यावं, जुनं धान्य खावं, डाळींचं कढण घ्यावं. फार वारा-पाऊस असेल त्या दिवशी थोडं आंबट, खारट, स्निग्ध खायलाही चरकांनी मुभा दिली आहे. आपल्याकडे आषाढ तळतात, घरोघर कापण्या होतात, त्यात मला काही गैर वाटत नाही. चार कापण्या खा, डबाभर नको. वाग्भटांचं माप सोपं आहे: पोटाचे चार भाग कल्पावेत, दोन अन्नाला, एक पाण्याला आणि एक मोकळा ठेवावा.

जुन्या धान्याची गोष्ट आपल्या भागात विशेष लक्षात घ्यावी. मुळशी परिसर आंबेमोहोर तांदळाचा. २०१६ साली आंबेमोहोराला भौगोलिक मानांकनही मिळालं. आता खाचरांतून इंद्रायणी जास्त दिसतो. तो वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झाला, आणि त्याच्यातही आंबेमोहोराचाच अंश आहे. दोन्ही तांदूळ चिकट आणि चवीला फार गोड. दिवाळीच्या सुमारास घरी आलेला नवा तांदूळ जड आणि कफ वाढवणारा मानतात. वर्षभर मुरला की तो पाणी जास्त घेतो, मोकळा शिजतो आणि हलका होतो. नवाच असेल तर कोरडा भाजून घ्यावा आणि मग शिजवावा. आजाऱ्याला प्रथम मंड, मग पेज, मग घट्टसर मऊ भात, असा क्रम संहितांत आहे, आणि आपल्या आज्या आंबेमोहोराची पेज याच बेतानं देत आल्या. अशा घरच्या गोष्टींची किंमत तयार पाकिटांच्या झगमगाटात कमी होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

चातुर्मासातल्या उपवासांबद्दल थोडं. उपवास म्हणजे लंघन, अग्नीला विसावा. पण साबुदाणा, दाण्याचं कूट, बटाटा आणि तूप यांनी गच्च भरलेली ताटली रोजच्या जेवणाहून जड आहे. वरईची पेज, ताक, एखादं फळ यावर एकादशी करून पाहा. एरवी जेवणाआधी आल्याचा तुकडा सैंधव लावून चावावा, किंवा पहिल्या घासाला तुपाबरोबर हिंग्वाष्टक चूर्ण घ्यावं. ज्यांना मीठ वर्ज्य आहे किंवा छातीत जळजळ होते, त्यांनी मात्र वैद्याला विचारल्याशिवाय हे करू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनीही उपवास स्वतःच्या मनानं धरू नये.

आणि एक विनंती. वजन आपोआप उतरत असेल, घास गिळायला त्रास होत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा शौचाचा रंग डांबरासारखा काळा होत असेल, तर त्याला अग्निमांद्य समजून चूर्णं घेत घरी बसू नका. पावसाळ्यातले जुलाब-उलट्या बहुधा दूषित पाण्याचे असतात. त्यात मीठ-साखरेचं पाणी लगेच सुरू करा. मूल मलूल दिसलं, लघवी कमी झाली, तर पाऊस थांबायची वाट पाहू नका, त्याला जवळच्या आरोग्य केंद्रात न्या.