वाटसरूची शिदोरी

(वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मला आपल्याशी प्रवासाविषयी बोलायचे आहे. शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. कारण सांगतो. दरवर्षी निकाल लागला की पालकांच्या तोंडून एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "पोर पास झाले, मार्कही चांगले आहेत. पण पुढचे कॉलेज परगावी. तिथे आपले कोण आहे?" मुलीच्या बाबतीत तर बहुधा हा प्रश्नच शेवटचे उत्तर ठरतो आणि तिची पुस्तके माळ्यावर जातात. हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. त्यामागे आईबापांचे काळीज असते. म्हणून जे एकटे निघाले आणि आशिया खंडाची वाट तुडवून आले, त्यांचे तिथे कोण होते, हे आज आपण पाहू.

इब्न बतूता हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. मोरोक्को देशात तंजा नावाचे बंदर आहे. तेथे १३०४ साली, काझींच्या घराण्यात त्याचा जन्म झाला. १३२५ च्या जून महिन्यात, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो हजसाठी घराबाहेर पडला. निघताना बरोबर सोबती नव्हता, काफिला नव्हता. आईवडील हयात होते, आणि या ताटातुटीचे दुःख त्याला व त्यांना सारखेच झाले, असे त्याने स्वतः नोंदवून ठेवले आहे. पुढे वाटेत व्यापाऱ्यांची सोबत मिळाली. पण तापाने गाठले. अशक्तपणामुळे खाली पडू नये म्हणून त्याने पागोट्याच्या कापडाने स्वतःला खोगिराशी बांधून घेतले. अशा स्थितीत तो ट्युनिस शहराशी पोहोचला. गावकरी सामोरे आले होते. ज्याला त्याला आपापला माणूस भेटत होता, सलाम-दुवा चालली होती. ह्याला मात्र कोणी सलाम केला नाही, कारण ओळखणारे कोणी नव्हते. पुढे ज्याचे नाव जगभर झाले, तो तरुण त्या रस्त्यावर रडला.

हजला निघालेल्या एका गृहस्थाच्या ते लक्षात आले. त्याने जवळ येऊन सलाम केला, विचारपूस केली आणि शहरात शिरेपर्यंत तो ह्याच्याशी बोलत राहिला. मग एका मदरशात उतरण्याची सोय झाली. विद्यार्थी मित्रांनो, परगावच्या वसतिगृहातली पहिली रात्र अशीच असते. आणि पालकांनो, ती रात्र सोपी करायला फार मोठा माणूस लागत नाही. सलाम करणारा एक माणूस पुरतो.

तेथून पुढे इब्न बतूता चोवीस वर्षे घरी परतला नाही. इजिप्त, शाम, अरबस्तान, इराण, तुर्कस्तान, मध्य आशिया, हिंदुस्थान आणि पूर्वेकडील बेटे त्याने पाहिली. सर्व प्रवास मिळून एक लाख किलोमीटरच्या वर भरतो, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. चीनच्या त्याच्या हकिकतीतील काही भागाबद्दल विद्वानांत वाद आहेत. त्यात आपण आज शिरणार नाही. आपल्याला पाहायचे आहे ते एवढेच, की हा माणूस जगला कशाच्या बळावर?

१३२६ साली तो दमास्कसला पोहोचला. तेथील वक्फांचे वर्णन त्याने मोठ्या कौतुकाने केले आहे. गरीब मुलींच्या लग्नाच्या साजासाठी वक्फ, कैद्यांच्या सुटकेसाठी वक्फ, मुसाफिरांना अन्न, वस्त्र आणि वाटखर्च देण्यासाठी वक्फ. एके दिवशी त्याने गल्लीत एक गुलाम पोरगा पाहिला. त्याच्या हातून चिनी मातीची ताटली पडून फुटली होती आणि भोवती माणसे जमली होती. त्यांतल्या एकाने त्याला सांगितले, तुकडे गोळा कर आणि भांड्यांच्या वक्फाच्या कारभाऱ्याकडे चल. तुकडे दाखवले आणि पोराला नव्या ताटलीचे पैसे मिळाले. नाही तर धन्याचा मार ठरलेला होता. विचार करा, त्या शहरात कोणाला तरी वाटले होते की फुटक्या भांड्यापायी एखाद्या लेकराचे मन मोडू नये, आणि त्याने त्यासाठी मिळकत लावून दिली होती.

पुढे काही वर्षांनी तो अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, गेला. तेव्हा त्याला तुर्की येत नव्हते. अंताल्या शहरात जुनाट कपडे घातलेला एक माणूस येऊन जेवणाचे आमंत्रण देऊ लागला. ह्याला वाटले, हा गरीब माणूस, त्याच्यावर भार कशाला? चौकशी करता कळले की तो चामड्याचे काम करणाऱ्यांचा प्रमुख असून सुमारे दोनशे कारागीर त्याला आपला पुढारी मानतात. हे लोक दिवसभर आपापला धंदा करीत, दुपार कलल्यावर कमाई एकत्र आणीत आणि त्यातून फळे व जेवणाचे सामान घेत. त्या दिवशी कोणी मुसाफिर आला तर त्याला उतरवून घेत. नाही आला तर आपसांत बसून जेवत. या मंडळींना 'अखी' म्हणत. ते ना सुलतान होते, ना सरदार. मोची, शिवणारे, विणणारे अशा हातावर पोट असलेल्या लोकांनी मुसाफिरखाना चालवला होता.

दुसऱ्या एका शहरात त्याच्या घोड्याचा लगाम काही लोकांनी धरला. तेवढ्यात दुसरे काही जण धावले, दोन्ही बाजूंत भांडण जुंपले आणि सुऱ्याही निघाल्या. हा घाबरला; वाटले, लुटारूंच्या हाती सापडलो. अरबी जाणणाऱ्या एकाने उलगडा केला. ते अखींचे दोन गट होते आणि पाहुणा पहिल्यांदा कोणाकडे उतरणार, एवढाच वाद होता. अखेर चिठ्ठ्या टाकून निकाल लागला.

ही झाली परक्याने उघडलेल्या दाराची गोष्ट. पण नुसत्या दारावर चोवीस वर्षे निघत नाहीत. इब्न बतूताच्या गाठीला दुसरेही काही होते. तो फिकह शिकलेला होता. तंजा येथे घेतलेल्या या विद्येला दिल्लीत किंमत आली. मुहम्मद बिन तुघलकाने त्याला काझी नेमले. पुढे मालदीव बेटांवरही त्याला काझीपद मिळाले. पैसा चोरीला जातो, घोडा मरतो, जहाज बुडते. हे सर्व त्याच्या बाबतीत घडले. विद्या तेवढी कोणी काढून घेतली नाही.

मात्र विद्या खरी असावी लागते. अनातोलियातच एका ठिकाणी अरबी येणारा म्हणून एका विद्वानाला बोलावण्यात आले. त्याला अरबी येत नव्हती. अब्रू वाचवण्यासाठी त्याने यजमानांना फारसीत सांगितले की हे पाहुणे जुनी अरबी बोलतात, आपल्याला नवी येते! यजमानांचा त्यावर विश्वास बसला. जुनी अरबी म्हणजे पैगंबरसाहेबांच्या काळची, असे समजून त्यांनी पाहुण्यांची आणखीच खातिरदारी केली. आपण हसलात. पण कुंजीतली उत्तरे घोकून जो पदवी घेतो, त्याची 'नवी अरबी' किती दिवस चालणार?

वाट नेहमीच दयाळू नसते, हेही मी लपवणार नाही. १३४२ च्या सुमारास सुलतानाचा वकील म्हणून चीनकडे जाताना कोईल, म्हणजे आजचे अलीगढ, याच्या परिसरात तो साथीदारांपासून तुटला, पकडला गेला, लुटला गेला. सुटल्यावर तो कित्येक दिवस रानोमाळ भटकला. अखेर हातात काठी व पाण्याचे भांडे घेतलेला एक अनोळखी माणूस भेटला. त्याने पाणी पाजले, जवळचे हरभरे व तांदूळ खायला दिले आणि ह्याला चालवेना तेव्हा पाठीवर घेतले. शुद्धीवर आला तेव्हा तो एका गावात होता. गाव हिंदू रयतेचे, अंमलदार मुसलमान. तेथे त्याला गरम अन्न मिळाले. लुटणारेही माणसेच होती आणि पाठीवर घेणाराही माणूसच होता.

या प्रवासात तो आपल्या मुलखातूनही गेला. दौलताबाद आणि नंदुरबार यांचे वर्णन त्याने केले आहे. मराठे लोक कारागिरीत निपुण आहेत, त्यांचे जेवण भात, भाजीपाला व तिळाचे तेल असे असते, अशी त्याची नोंद आहे. नंतर किनाऱ्याने जाताना गोव्याच्या दक्षिणेस होनावर बंदरी तो थांबला. तेथील मुसलमान, आपल्या कोकणातील मुसलमानांप्रमाणेच, शाफई होते. समुद्रावरच्या व्यापारावर जगत. त्या गावात त्याने मुलींच्या १३ आणि मुलांच्या २३ शाळा मोजल्या, आणि तेथील स्त्रियांना कुराण मुखोद्गत आहे असे लिहिले. असे आपण अन्यत्र कोठे पाहिले नाही, हेही त्याने सांगितले आहे. माता-भगिनींनो, अर्धे जग फिरलेल्या माणसाला नवल वाटले ते आपल्याच किनाऱ्यावरच्या मुलींच्या शाळांचे. मुलींना शिकवणे ही परक्यांची चाल आहे असे कोणी म्हणाले, तर हा साडेसहाशे वर्षांपूर्वीचा साक्षीदार उभा करा.

हे सारे जुने झाले, असे कोणी म्हणेल. नव्या काळाकडे येऊ. १ जून १९६२ रोजी सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण अण्वस्त्रांच्या विरोधात दिल्लीहून पायी निघाले. खिशात पैसा ठेवायचा नाही, असा त्यांचा नेम होता. पाकिस्तानात शिरण्यापूर्वी एका हितचिंतकाने बरोबर अन्न बांधून देऊ केले. तिकडे तुम्हाला कोण खाऊ घालणार, ही त्याची काळजी. ही शिदोरी म्हणजे अविश्वासाचे गाठोडे आहे, असे वाटून त्यांनी ती नाकारली. सरहद्द ओलांडली तर एक अनोळखी गृहस्थ वाट पाहत होता. लाहोरला आपल्याच घरी उतरा, असा त्याचा आग्रह. पुढे अफगाणिस्तान, इराण करीत ते मॉस्को, पॅरिस आणि अमेरिकेपर्यंत गेले.

१९६३ च्या जानेवारीत आयर्लंडची डेर्व्हला मर्फी सायकलवरून एकटीच भारताकडे निघाली. दहाव्या वाढदिवसाला तिला सायकल आणि नकाशांचे पुस्तक मिळाले होते, तेव्हाच तिने हा बेत केला होता. पण चौदाव्या वर्षी शाळा सोडून तिला आजारी आईच्या सेवेला राहावे लागले. आई गेल्यावर, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ती निघाली; इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून त्याच वर्षी दिल्लीला पोहोचली. अफगाणिस्तानात बसमधील एका भांडणात बंदुकीचा दस्ता लागून तिच्या बरगड्या मोडल्या. तरी अफगाण लोकांविषयी तिने लिहिले ते प्रेमानेच. शाळा सुटली म्हणून तिने वाचन सोडले नव्हते. पुढे ती नामवंत लेखिका झाली. २०२२ साली ती वारली.

त्याच सुमारास हजारो युरोपियन तरुण इस्तंबूल, तेहरान, हेरात, काबूल, खैबर, लाहोर अशा मार्गाने दिल्लीला, काठमांडूला आणि गोव्याला येत असत. १९७९ साली इराणात क्रांती झाली, वर्षअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि ती वाहती वाट तुटली. वाट अशी एका वर्षात बंद होऊ शकते. म्हणून जी आज आपल्या मुलांसाठी उघडी आहे, तिच्यावर उद्या-परवा करीत बसू नये.

आता आपल्या प्रश्नाकडे परत येतो. तिथे आपले कोण आहे? या सर्व मुसाफिरांचे उत्तर एकच आहे. निघताना कोणी नव्हते. वाटेवर झाले. शिदोरी दोन गोष्टींची होती: स्वतःजवळची विद्या किंवा निष्ठा, आणि परक्याने उघडलेले दार. पहिली मिळवणे हे विद्यार्थ्यांचे काम आहे. दुसरे आपले, थोरांचे, आहे. जकातीच्या हक्कदारांत कुराणाने मुसाफिराला जागा दिली आहे. मग खेड्यातून शिकायला आलेला मुलगा, वसतिगृहात राहणारी मुलगी, ही मुसाफिरच नव्हेत काय? अंताल्याच्या चर्मकारांना जे रोजच्या कमाईतून जमले, ते आपल्याला महिन्यातून एकदा जमणार नाही काय? वसतिगृहातील एका मुलाचा जेवणखर्च, एका मुलीची फी, ईदला घरी जाऊ न शकणाऱ्या एकाला आपल्या दस्तरखानावर जागा, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. ज्या गावी परक्याच्या लेकीला आपण सांभाळतो, त्या गावाकडे पाहून दुसऱ्या गावचा बापही आपली लेक धाडायला धजावतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एक शेवटची हकिकत सांगतो. १३४८ साली परतीच्या वाटेवर दमास्कसला इब्न बतूताला कळले की वडील जाऊन पंधरा वर्षे झाली. आई हयात आहे, असेही कळले. १३४९ मध्ये तो मायदेशी पोहोचला आणि घर जवळ आले असताना बातमी मिळाली की प्लेगने आईही गेली. त्याच्या काळी पत्र पोहोचायला वर्षे लागत. तुमच्या खिशात फोन आहे. शिकायला जरूर जा, दूर जा. पण रात्री झोपण्यापूर्वी घरी दोन शब्द बोला.

आणि पालकांनो, यंदा निकालाच्या दिवशी तो प्रश्न मनात आला, तर तो घरात बसून सोडवू नका. संस्थेत या, विचारा. तिथे आपले कोण आहे, ते आपण मिळून शोधू.

खुदा हाफिज.