भिंतीपलीकडचा शेजारी



चेन्नईच्या के.के.आर. नगरमध्ये एक चर्च होतं. प्रार्थनेला लाउडस्पीकर, ड्रम, गिटार. शेजारचे रहिवासी कोर्टात गेले. चर्चचं म्हणणं होतं, आम्ही अल्पसंख्याक आहोत, आणि आवाज तर रस्त्यावरच्या गाड्यांचाही आहे. गाड्यांची गोष्ट मोजणीत खरीही निघाली. तरी 30 ऑगस्ट 2000 ला सुप्रीम कोर्टानं चर्चचं अपील फेटाळलं. शेजाऱ्याची शांतता मोडून प्रार्थना करा, असं कोणताच धर्म सांगत नाही, असं कोर्ट म्हणालं.

नियम साधा आहे. रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा 45. मी इंजिनिअर, म्हणून सांगतो: दहा डेसिबल कमी म्हणजे आवाजाची ताकद दहावा हिस्सा.

जानेवारी 2025 मध्ये कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या मशिदींच्या भोंग्यांबाबत मुंबई हायकोर्टानंही सांगितलं, लाउडस्पीकर हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही.

आता आपल्या अर्धापूरचं बोलू. हा कायदा मशिदीला आहे, तसाच मिरवणुकीच्या डीजेला आणि लग्नाच्या बँडलाही. तो सगळ्यांना सारखा लागावा, ही मागणी आपण करायलाच हवी. पण ती घेऊन जाण्याआधी आपल्या भोंग्याचा आवाज आपणच मोजू. पलीकडच्या घरात दहावीचं पोरगं अभ्यासाला बसलंय, कुणी आजारी आहे. शेजाऱ्याचा हक्क आपल्याला लहानपणापासून शिकवलाय. तो पाळायला कोर्टाची नोटीस कशाला यायला हवी?