मानसशास्त्रज्ञांची मागणी आणि आपल्या अटी

(समुपदेशन करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषण)



कोणीही उठावे, दारावर 'समुपदेशक' अशी पाटी लावावी आणि पैसे घेऊन सल्ला द्यावा, हे थांबले पाहिजे असे मानसशास्त्रज्ञ म्हणतात. आपल्या व्यवसायाला कायद्याची मान्यता आणि स्वतंत्र परिषद हवी, असा त्यांचा सरकारकडे आग्रह आहे. स्त्री संघटनांनी या मागणीकडे कसे पाहावे?

आज क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे होते. १९९२ च्या कायद्याने आलेली ही परिषद मुळात अपंगांच्या पुनर्वसनासाठी आहे. बाकीचे मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक २०२१ च्या कायद्याच्या यादीत आले, तेही इतर अनेक आरोग्य-व्यवसायांच्या गर्दीत.

मला वाटते, आपण या मागणीला पाठिंबा द्यावा. बाईने विश्वासाने सांगितलेली गोष्ट समुपदेशकाने तिच्या सासरी पोहोचवली, तर तिला दाद मागायला हक्काची जागा हवी. पण पाठिंबा डोळे उघडे ठेवून द्यायचा.

कारण तज्ज्ञाचा शिक्का बाईवर उलटतो, हेही आपण पाहिले आहे. हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे. मार खाऊन झोप उडालेल्या बाईला 'वेडी' ठरवणारा कागद नवऱ्याच्या फार उपयोगाचा असतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने इथे थोडा आधार दिला. मानसिक आजार आहे एवढ्यावरून कोणी 'मनोविकल' ठरत नाही. आजाराचा पुरावा न्यायालयात आला आणि समोरच्या बाजूने हरकत घेतली, तर कलम १०५ प्रमाणे तो प्रश्न मानसिक आरोग्य मंडळाकडे तपासणीला पाठवावा लागतो. हे कलम प्रत्येक कार्यकर्तीला पाठ हवे.

दुसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या कामाची. १९८४ साली मुंबई पोलिसांमध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने महिलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला, तो समाजकार्यकर्त्यांनी चालवला. वस्तीत, पोलीस ठाण्यात, कोर्टाच्या आवारात बाईजवळ बसणाऱ्या अशा अनेकजणींकडे मानसशास्त्राची पदवी नाही. नव्या नियमांनी त्याच बाहेर पडल्या, तर शहरातली फी न परवडणाऱ्या बाईने जायचे कुठे?

म्हणून आपल्या तीन अटी. एक, प्रशिक्षण घेतलेल्या अनुभवी कार्यकर्त्यांच्या कामाला मान्यता. दोन, परिषदेत आणि तिच्या तक्रार समितीत उपचार घेतलेल्या स्त्रियांना जागा. तीन, हिंसेला हिंसा म्हणणे आणि समेटासाठी बाईवर दबाव न आणणे, हे आचारसंहितेत स्पष्ट लिहिणे. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या कलम १४ खाली न्यायदंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात, तेव्हा ही तिसरी अट कळीची ठरते.

हा मसुदा आपापल्या संघटनेत चर्चेला घ्या, आणि मानसशास्त्रज्ञांच्या संघटनांना व आपल्या खासदारांना पाठवा. परिषदेचे नियम ठरताना आपण तिथे असलो पाहिजे. ठरल्यावर निषेधाचे पत्रक काढून भागणार नाही.