गाडी झटके खाते तेव्हा

रेडिओचा आवाज कमी-जास्त करायचं बटण जुनं झालं की फिरवताना खरखर करतं, हे आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलं असेल. एका ठरावीक जागी आवाज एकदम जातो. बटण जरा पुढं सरकवलं की परत येतो. असं का होतं? बटणाच्या आत कार्बनचा पट्टा असतो आणि त्यावरून धातूची एक बारीक जीभ घासत फिरते. वर्षानुवर्षं घासून पट्टा झिजला की तेवढ्या जागी वीज तुटते. तुम्ही म्हणाल, विषय मोटारीचा आणि हे रेडिओचं काय काढलं? तर, असंच एक बटण जुन्या मोटारीच्या इंजिनावरही बसवलेलं असतं. तिथं त्याला थ्रॉटल पोझिशन सेन्सर म्हणतात.

इंजिनात जाणारी हवा एका झडपेतून जाते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तारेनं ती झडप उघडते. ती किती उघडली हे सेन्सर विजेच्या दाबातून इंजिनाच्या संगणकाला कळवतो, आणि पेट्रोल किती सोडायचं ते ठरवताना संगणक ही खबर विचारात घेतो. कार्बोरेटरच्या गाड्यांना ही भानगड नव्हती. मारुती ८०० चंच घ्या. २००० सालच्या सुमारास तिच्यात कार्बोरेटरच्या जागी पेट्रोल फवारणारी व्यवस्था आली. २०१४ च्या जानेवारीत ही गाडी कारखान्यातून निघायची बंद झाली. पण हातबदल होत होत ती खेड्यापाड्यांतून अजून धावते आहे. एवढ्या वर्षांत पट्टा झिजला तर नवल नाही.

मग काय होतं? गाडी एका वेगानं चाललेली असताना मधूनच झटके खाते. उभी असताना इंजिनाचा सूर वर-खाली होतो. पाय दाबला तर क्षणभर विचारात पडते, आणि पाय काढला की कधी कधी बंदच पडते. गावच्या फाट्यावरून हमरस्त्याला लागताना, मागं बायकामुलं बसलेली, उजवीकडून ट्रक येतो आहे, अशा वेळी गाडीनं विचारात पडावं यातला धोका काय सांगायचा!

पण थांबा. हीच लक्षणं प्लग खराब झाल्यानं, पेट्रोलचा फिल्टर तुंबल्यानं, हवेची रबरी नळी चिरल्यानं किंवा झडपेवर काजळी बसल्यानंही दिसतात. म्हणून आज प्लग बदला, उद्या पंप बदला, असा खर्च होत राहतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! काही गाड्यांना यंत्र जोडलं की बिघाडाची खूण वाचता येते. 'पी ०१२२' अशी खूण निघाली की कित्येक मिस्त्री लगेच सेन्सर मागवतात. वास्तविक ती खूण एवढंच सांगते, की सेन्सरकडून येणारा विजेचा दाब फार कमी आहे. वाटेत वायर तुटली असली तरी हीच खूण येते. तेव्हा आधी मोजावं आणि मग पैसे मोजावेत.

मोजायला साधा मीटर पुरतो. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा. चावी फिरवा, पण इंजिन चालू करू नका. मीटरची काळी वायर बॅटरीच्या ऋण टोकाला लावा. सेन्सरला बहुधा तीन वायरी असतात. जोडणी न काढता मागच्या बाजूनं बारीक टाचणी सरकवून एकेक वायर तपासा. वायरीचं प्लास्टिक भोसकू नका. तिथून पाणी शिरतं आणि तांबं हिरवं पडतं. एका वायरीवर ५ व्होल्टच्या जवळपास दाब हवा, दुसरीवर जवळजवळ शून्य. ५ व्होल्ट मिळालेच नाहीत तर सेन्सरची जोडणी काढून पुन्हा पाहा. आता मिळाले, तर सेन्सर आतून चिकटला असण्याचा संभव मोठा. तरीही मिळाले नाहीत, तर दोष वायरीत किंवा संगणकात. नवा सेन्सर आणून उपयोग नाही.

तिसरी वायर खबर नेणारी. झडप बंद असताना तिच्यावर साधारण अर्धा व्होल्ट आणि पूर्ण उघडल्यावर चाराच्या वर दाब असतो. प्रत्येक गाडीचा आकडा थोडा वेगळा. पण आकड्यापेक्षा चढण पाहा. झडप हातानं अगदी सावकाश उघडा. दाब सारखा चढत गेला पाहिजे. मध्येच तो कोसळला किंवा उसळला, तर पट्टा झिजला समजा. इथं आकडे दाखवणाऱ्या मीटरपेक्षा काट्याचा जुना मीटर मला बरा वाटतो. क्षणभराची उडीही काट्याच्या थरथरण्यात दिसते. पहिल्या पाव भागावर विशेष नजर ठेवा, कारण चालवणाऱ्याचा पाय बहुतेक वेळ तिथंच असतो. काटा ठीक वागला तर झडप तशीच धरून वायरी हलवून पाहा. काही सेन्सर तापल्यावरच दगा देतात. म्हणून गरम इंजिनावर हीच तपासणी पुन्हा करा, हात मात्र सांभाळून.

नव्या गाड्यांत झडप विजेच्या मोटरनं फिरते. तिथं चावी चालू असताना बोट घालू नका. झडप एकदम मिटते.

नवा सेन्सर बसवताना स्क्रूची भोकं लांबट असतील तर झडप बंद ठेवून, मीटर पाहत, पुस्तकात दिलेल्या आकड्यावर तो जुळवावा आणि मगच स्क्रू आवळावेत. काढलेला जुना सेन्सर शाळेला द्या. गुरुजींनी त्याला टॉर्चचे तीन सेल आणि काट्याचा मीटर जोडला, की झिजलेली जागा कुठं आहे ते मुलं स्वतःच शोधून काढतील.