मोठ्या चाकाची सायकल
[नभोवाणीवरील भाषण]

अमरावती आणि अकोला या आपल्या दोन्ही शहरांत हल्लीं सकाळच्या प्रहरीं उंच चाकांच्या, जाड टायरांच्या सायकली दिसूं लागल्या आहेत. या सायकलीस 'एकोणतीस इंची' असें म्हणतात. कॉलेजांत जाणारा मुलगा हट्ट धरतो, "बाबा, घ्यायची तर एकोणतीसच घ्या"; आणि वडील किंमत ऐकून विचारांत पडतात. वीस-तीस हजार रुपये ही मध्यम स्थितींतील कुटुंबास लहान रक्कम नव्हे. शिवाय सायकल बेताची नसेल तर पैशांबरोबर हातपायहि जायचे! तेव्हां या एकोणतिसाच्या आंकड्यांत खरें किती आणि डौल किती, याचा विचार आज आपण करूं.

प्रथम आंकड्याचा अर्थ पाहूं. सायकलीच्या चाकाचीं मापें दोन: एक रिमचें, जिच्यावर टायर बसतो; दुसरें टायरसकट सबंध चाकाचें. दुकानांत बोलला जातो तो आंकडा या दुसऱ्या मापाचा. एकोणतीस इंची चाकाची रिम, टायर बसतो तेथें, ६२२ मिलिमीटर व्यासाची असते. तिच्यावर सव्वादोन इंच जाडीचा टायर चढविला म्हणजे बाहेरचा व्यास २९ इंच भरतो. आतां आपल्या जुन्या काळ्या सायकलीकडे वळूं. जिच्यावरून दूधवाले दूध नेत, पोस्टमन टपाल वाटीत, आणि शिक्षक एका गांवाहून दुसऱ्या गांवच्या शाळेस जात, त्या 'अठ्ठावीस इंची' सायकलीच्या रिमचा व्यास ६३५ मिलिमीटर! म्हणजे आजोबांच्या सायकलीची रिम नातवाच्या सायकलीच्या रिमहून १३ मिलिमीटरनें मोठीच आहे. फरक काय तो टायरचा. तेथें दीड इंच, येथें सव्वादोन. मोठें चाक वऱ्हाडास नवें नाहीं. आपल्या कच्च्या गाडीवाटांवर तें कित्येक वर्षें फिरत आलें आहे.

मग मधल्या काळांत डोंगरी सायकलींस २६ इंची चाकें कां आलीं? ही हकीकत मौजेची आहे. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतांत टॅमाल्पायस नांवाचा डोंगर आहे. १९७६ सालीं त्याच्या परिसरांत कांहीं तरुणांनीं जुन्या जड सायकली घेऊन उतारावरच्या शर्यती सुरू केल्या. फुगीर, जाड टायर मिळत ते २६ इंची चाकांचेच. म्हणून तेंच माप रूढ झालें. त्यामागें गणित नव्हतें, सोय होती. एका उतरणींतच मागच्या ब्रेकांतील ग्रीस तापून उडून जाई, आणि चाकाचा तुंबा उघडून तें पुन्हां भरावें लागे. यावरूनच त्या शर्यतीस 'रिपॅक', म्हणजे 'पुन्हां भरा', असें नांव पडलें. पुढें १९९९ सालीं अमेरिकेंतील डब्ल्यू. टी. बी. या कंपनीनें ६२२ च्या रिमवर बसणारा दोन इंचांहून अधिक जाडीचा टायर काढला, आणि मोठ्या चाकास डोंगराची वाट मोकळी झाली. २०१२ सालीं लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत चेक प्रजासत्ताकाच्या यारोस्लाव्ह कुल्हावी यानें २९ इंची चाकांवर सुवर्णपदक मिळविलें. साडेसत्तावीस इंची चाकांवर धांवणारा स्वित्झर्लंडचा नीनो शुर्टर अवघ्या एका सेकंदानें मागें राहिला. मोठ्या चाकाचा विजय झाला हें खरें. परंतु तो एका सेकंदाचा होता, हेंहि ध्यानांत ठेवावें.

आतां थोडी भूमिति. वाटेंत पांच सेंटिमीटर उंचीचा दगड आला, तर २६ इंची चाकास सुमारें ३२ अंशांचा चढ चढावा लागतो, २९ इंचीस सुमारें ३० अंशांचा. दोनच अंशांचा फरक; पण तासाभरांत असे शेंकडों दगड लागतात, तेव्हां तो मनगटांस कळतो. याहून मोठा लाभ टायरच्या जाडीचा. जाड टायरमध्यें २५ ते ३० पौंड दाबाची हवा पुरते. तो दगडावर दबतो, जमीन धरून ठेवतो. उलट बाजूहि सांगितली पाहिजे. मोठें चाक जड. उभ्या स्थितींतून तें वेग घेण्यास उशीर लावतें, व गर्दीच्या गल्लींत वळतांना आडमुठेपणा करतें. ज्यास केवळ शिकवणीला आणि बाजाराला जावयाचें आहे, त्यानें एकोणतिसासाठीं कर्ज काढण्याचें कारण नाहीं.

घ्यावयाची ठरलीच, तर सांगाड्याचें माप आधीं पाहावें, चाकाचें मागाहून. दोन्ही पाय जमिनीवर टेकून दांडीवर उभें राहिलें असतां मध्यें दोन इंचांचें तरी अंतर राहिलें पाहिजे. पांच फूट पांच इंचांहून उंची कमी असलेल्या मुलामुलींस साडेसत्तावीस इंची चाक बहुधा अधिक सोयीचें पडतें. कित्येक कारखानदार लहान सांगाड्यास तेंच चाक बसवितात. "वाढतें अंग आहे, मोठी घेऊं," हा हिशेब शर्टाच्या बाबतींत चालेल, सायकलीच्या बाबतींत नव्हे. ब्रेक दाबल्यावर ज्याचा पाय जमिनीस पोंचत नाहीं, त्याचें डोकें पोंचतें! अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात; येथें पाय पाहून अंथरूण निवडावें.

दुसरी गोष्ट गिअरांची. परतवाड्याहून चिखलदरा सुमारें ३० किलोमीटर, आणि चढ सुमारें सातशें मीटरांचा. काळ्या सायकलीस पुढें ४४ व मागें १८ दाते हें नेहमीचें जोडपें; पॅडलाच्या एका फेऱ्यांत ती सुमारें साडेपांच मीटर जाते. घाटांत हें ओझें गुडघ्यांस पेलत नाहीं. पुढें २२ व मागें ३४ दाते असतील, तर मोठ्या चाकाची सायकल एका फेऱ्यांत दीडच मीटर जाते, पण माणूस बसल्याबसल्या वर चढतो. लक्षांत ठेवण्यासारखें हें कीं, चाक २६ चें २९ झालें म्हणजे तेच दाते सुमारें एक दशांशानें जड पडतात. म्हणून मोठ्या चाकास पुढची तबकडी लहानच हवी. उतरतांना ब्रेकचें महत्त्व. डिस्क ब्रेक पावसांतहि धरतात. मात्र ते सतत दाबून ठेवूं नयेत. वळणाआधीं दाबावे, मग सोडावे, म्हणजे तापत नाहींत. स्वस्त सायकलीच्या पुढच्या चिमट्यांत बसविलेली स्प्रिंग बहुतेक वेळां वजनच वाढविते. तो पैसा ब्रेकांवर व टायरांवर घालावा.

तिसरी गोष्ट खास आपल्या मुलखाची: बाभळीचा काटा व काळी जमीन. ट्यूब नसलेल्या टायरांत रबरी चिकाचें औषध घालतात. काटा निघाला कीं छिद्र तें आपणच बुजवितें. वऱ्हाडच्या उन्हांत हें औषध लवकर सुकतें. तेव्हां दोन-तीन महिन्यांनीं तें पाहून भर घालावी. परंतु अशा टायरास योग्य रिम आहे कीं नाहीं, हें दुकानदारास आधीं विचारावें. पावसाळ्यांत शेतवाटेनें जाऊंच नये. काळा चिखल चाकाला वेढतो, चिमट्यांत दाटतो, आणि शेवटीं सायकल माणसास नेत नाहीं, माणूस सायकलीस नेतो. चिखलांतून घरीं आल्यावर चेन पुसून तेल द्यावें. पाण्याचा जोराचा फवारा तुंब्यावर मारूं नये.

हें काम मुलानें स्वतः करावें. १८८८ सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें. त्यांनीं सुरू केलेल्या उद्योगांतूनच पुढें लोखंडी नांगर निघाले. पंक्चर काढणें हें हलकें काम नव्हे. तें यंत्रविद्येचें पहिलें पुस्तक आहे. पंप, ट्यूब, ठिगळें, टायर काढण्याच्या दोन पट्ट्या व पान्यांचा संच, एवढें सामान पिशवींत असल्यावांचून गांवाबाहेर पडूं नये. शिरस्त्राण आणि मागचा तांबडा दिवा यांचा पैसा सायकलीच्या किमतींतच धरावा. उरला तर घेऊं, असें म्हणूं नये.

शेवटीं ऋतु आणि रान यांविषयीं. मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. त्या दिवसांत नऊच्या आंत घरीं परतावें. मेळघाट १९७३-७४ सालापासून व्याघ्रप्रकल्प आहे. तेथील पाऊलवाटा मोटारीस अरुंद असल्या म्हणून सायकलीस मोकळ्या आहेत असें नव्हे. वनखात्याच्या परवानगीवांचून आडवाटेस शिरूं नये. चिखलदऱ्याचा सार्वजनिक रस्ता नवशिक्यास पुष्कळ आहे.

आपल्या अमरावतींत १९१४ सालीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झालें, आणि १९३६ सालीं त्याच्या पथकानें बर्लिनपर्यंत जाऊन आपले व्यायाम दाखविले. शरीर कमवावें तें नियमानें, ही शिकवण या मातींतली आहे. सायकललाहि हाच नियम. पहिल्या महिन्यांत रोज दहा किलोमीटर, मग वीस, मग रविवारीं पन्नास. आणि चिखलदरा त्यानंतर. एकोणतीस इंची सायकल घेऊन ती गच्चीवर झांकून ठेवण्यापेक्षां काळी सायकल रोज चालविणें शतपट बरें. वडीलमंडळींनीं मुलास आंकडा विचारूं नये. "रोज पहाटे उठशील काय?" एवढें विचारावें, आणि होकार खरा ठरला, तर एका महिन्यानें त्याच्यासंगें दुकानांत जावें.